रिव्हॉल्व्हरची मूठ आणि माझा अंगठा

दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. बरणीचं झाकण उघडताना, दाराची किल्ली फिरवताना आणि पोळ्या लाटताना तर हमखास. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सांगितलं, सांध्यातली कूर्चा झिजली आहे, चौपन्नाव्या वर्षी हे चालायचंच. तिथून फिजिओथेरपीला धाडलं. तिथल्या बाईंनी एक स्प्लिंट दिलं, चार व्यायाम दिले आणि एक मंत्र दिला: जे जे हातात धरायचं ते जाड करून घ्या. पेनावर फोमची नळी चढवा, सुरी जाड मुठीची आणा, म्हणजे बोटं कमी आवळावी लागतील. मंत्र खरोखर लागू पडला. इंडियन स्टोअरमधून जाडजूड लाटणं आणलं आणि आठवड्याभरात अंगठ्याची पोळ्यांबद्दलची कुरकुर थांबली.

घोळ झाला तो पुढे. पेन, सुरी आणि लाटण्याखेरीज माझ्या हातात महिन्यातून दोनदा आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर. तिलाही मी तोच मंत्र लावला, आणि त्यापायी आठ महिने आणि बरेचसे डॉलर घालवले.

रिव्हॉल्व्हरचं ऐकून बार्शीची माझी धाकटी बहीण फोनवर म्हणाली होती, "अगं ताई, तू तिथे औषधं देतेस का दरोडे घालतेस?" मी औषधंच देते. सॅन अँटोनिओत फार्मसिस्ट आहे, टेक्सासात येऊन पंचवीस वर्षं झाली. त्यातली पहिली बावीस वर्षं मी बंदुकीला हात लावला नव्हता. मग मुलगी कॉलेजला गेली, घर सुनं झालं, आणि शेजारीण म्हणाली, आम्ही दर महिन्याला काउबॉय शूटिंगला जातो, बघायला तर चल. तिचा नवरा सत्तरीतला निवृत्त सुतार. हाताचे पंजे म्हणजे परातीच. पुढच्या सगळ्या गोष्टीत त्याचा आणि त्याच्या गॅरेजमधल्या करवतीचा मोठा वाटा आहे.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या काळातली किंवा त्या धाटणीची हत्यारं घ्यायची: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरं, एक लिव्हरची रायफल, एक शॉटगन. पोलादी पत्र्याचे निशाणे ठरवून दिलेल्या क्रमाने पाडायचे किंवा वाजवायचे, आणि घड्याळ चालू असतं. रिव्हॉल्व्हरला घरं सहा असली तरी काडतुसं पाचच भरायची आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आदळणारा मागचा खटका, रिकाम्या घरावर ठेवायचा, हा पक्का नियम. सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी ही संस्था १९८७ साली निघाली, तिचे नियम सगळीकडे चालतात. सभासदाला टोपणनाव घ्यावंच लागतं आणि ते दुसऱ्या कुणाचं असून चालत नाही. मी 'बार्शी लाइट' घेतलं. १८९७ साली सुरू झालेली आमची बार्शीची छोटी रेल्वे, काळाच्या हिशेबात अगदी चपखल. टेक्सासच्या लोकांना मात्र ते बिअरचं नाव वाटतं.

कपडेही त्याच शतकाला शोभणारे हवेत. मी नऊवारी नेसून गेले. काष्ट्यावर चामड्याचा पट्टा, दोन्ही बाजूंना होल्स्टर. पहिल्या दिवशी लोकांनी फोटो काढले, दुसऱ्या खेपेपासून कुणी वळूनही बघितलं नाही.

माझी दोन्ही रिव्हॉल्व्हरं रूगर कंपनीची न्यू व्हकेरो आहेत, .३५७च्या मापाची. त्यात .३८ स्पेशलची काडतुसंही बसतात, मी त्यातली हलकी वापरते. नियमाने रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १००० फुटांच्या आत ठेवावा लागतो, माझ्या काडतुसांचा त्याहून बराच कमी. वजन एक किलोच्या थोडं वर. म्हणजे धक्का काही भयंकर नसतो. पण सिंगल ॲक्शनचं काम असं की चाप फक्त घोडा सोडतो. घोडा मागे ओढायचं काम प्रत्येक बाराला अंगठ्यानेच करायचं. एका फेरीत दहा बार, दिवसाला पाच-सहा फेऱ्या. पन्नास-साठ वेळा घोडा ओढायचा, तोही बुडाशी झिजलेल्या अंगठ्याने.

त्या वर्षीच्या मार्चपासून माझ्या तीन तक्रारी सुरू झाल्या. एक, बार झाला की चापाभोवतीच्या कड्याची मागची बाजू मधल्या बोटाच्या सांध्यावर आपटायची. संध्याकाळपर्यंत तिथे लाल गाठ. दोन, घोड्यापर्यंत अंगठा पोचायचा नाही, दर वेळी हात मुठीवरून वर सरकवावा लागायचा. तीन, अंगठ्याचं बूड. रविवारी संध्याकाळी कणीक मळणं बंद. आमच्याकडे रविवारी नवऱ्याच्या हातची खिचडी तेव्हापासून सुरू झाली, ती अजून चालू आहे.

मूठ बदलायला हवी हे उघड होतं. मूळच्या मुठीला दोन बाजूंना काळ्या कडक रबराची, चौकडीच्या खाचा असलेली पॅनेलं होती, मध्ये लोखंडी सांगाडा. कॅलिपर लावून पाहिला, सगळी मिळून जाडी ३१ मिलिमीटर. फिजिओच्या मंत्राप्रमाणे मी आणखी जाड, मऊ रबराची मूठ मागवली. ३६ मिलिमीटर, बोटांसाठी खोबणी असलेली, आणि चापकड्यामागची पोकळी भरून काढणारी. घरात हातात धरली तेव्हा काय सांगू, गादीवर डोकं ठेवल्यासारखं वाटलं. हॉलमध्ये उभी राहून, रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, खोटी काडतुसं घालून मी पन्नासदा घोडा ओढून सोडला. नवरा पेपरमधून मान वर करून म्हणाला, "झालं ना मनासारखं? मग आता ते टेबलावरून हलव, जेवायचंय."

रेंजवर पहिल्या पाच बारांत मनासारखं झालेलं सगळं उतरलं. मधल्या बोटाचा प्रश्न सुटला होता, हे खरं. पोकळी भरल्यामुळे कडं आपटायला जागाच उरली नव्हती. पण घोडा आता आणखी लांब गेला होता. आणि मूठ हाताला चिकटून बसायची. बार झाला की नळी वर उठणार, त्याबरोबर मूठ तळव्यात थोडी फिरणार, ही या रिव्हॉल्व्हरची चाल. रबर फिरू देईना. कातडी ओढली जायची आणि धक्का जसाच्या तसा अंगठ्याच्या मुळाशी. घरी धरून बरी वाटणारी मूठ आणि बार झाल्यावर बरी वाटणारी मूठ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटलं, रबर चुकीचं निवडलं. म्हणून दुसऱ्या प्रकारचं जाड रबर घेतलं.

त्यानंतर बिस्ली. हे नाव इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या नेमबाजीच्या मैदानावरून आलं. कोल्ट कंपनीने १८९४ साली निशाणेबाजीसाठी त्या नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, आणि रूगरने १९८०च्या दशकात स्वतःची बिस्ली काढली, तिची मूठ कोल्टच्या बिस्लीपेक्षा वेगळी. क्लबातल्या एकाने आपली बिस्ली मला दहा बारांसाठी दिली. या मुठीची पाठ वरपर्यंत अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात चढते आणि घोडा खाली वाकलेला असतो, त्यामुळे अंगठा झटकन पोचतो. पहिलं मत फार चांगलं झालं. पण बिस्ली हातात फिरत नाही, धक्का सरळ मागे देते. जबरदस्त काडतुसं मारणारे लोक तिच्यावर खूश असतात ते याचसाठी, नळी फार उडत नाही. माझ्या अंगठ्याला नेमकं तेच नको होतं. शिवाय मूठ लांब, तिन्ही बोटं धरूनही खाली जागा शिल्लक. मी आभार मानून परत दिली.

याच सुमारास एका गन शोमध्ये फिरले. हॉलभर टेबलं, त्यावर मुठीच मुठी. पक्ष्याच्या डोक्यासारख्या गोल, मोत्याच्या रंगाच्या प्लास्टिकच्या, अक्रोडाच्या, शिसवीच्या. एका टेबलावर काचेखाली वेगळी ठेवलेली शिंगाची जोडी होती, खडबडीत, पिवळट-तपकिरी. विक्रेता हळू आवाजात म्हणाला, खरं इंडियन सांबर आहे, बंदीच्या आधीचं. सांबराचं शिंग आतून भरीव असतं, भुसभुशीत गर कमी, म्हणून सुऱ्यांच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या मुठींसाठी त्याला एके काळी मोठी मागणी होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने त्याचा व्यापार बंद केला, तेव्हापासून जुन्या साठ्यातल्या शिंगाला इथे सोन्याचा भाव. मला ताडोब्यात पाण्यावर आलेला सांबर आठवला, मान वर करून आमच्या जीपकडे बघणारा. मूठ हातात घेतली. जाड होती, गाठी तळव्यात रुतत होत्या. न घेण्याला दोन कारणं मिळाली, याचं बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये शेजारच्या सुताराने माझा हात बघितला. रेंजवरून परत येताना गाडीत तो म्हणाला, हात उघड. अंगठ्याच्या बुडाशी, नेमकं सांध्यावर, लाल चट्टा. बेचकं मात्र स्वच्छ. तो म्हणाला, मुठीची पाठ जिथे टेकायला हवी तिथे काहीच खूण नाही, मग ती टेकते कुठे? सुतारकामात दोन लाकडं कुठे टेकतात ते बघायला ते लोक एका बाजूला काळा रंग लावतात, बसवून काढतात, रंग पलीकडे जिथे उमटला तिथे टेकतंय. माझ्याकडे तो रंग नव्हता. काजळाची डबी होती.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर रिकामं रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि मुठीच्या पाठीवर करंगळीने काजळाची एक रेघ ओढली. नेहमीसारखं उचललं, समोर धरलं, खाली ठेवलं, हात उघडला. काळी रेघ बेचक्यात नव्हतीच. ती अंगठ्याच्या मुळावरून तिरकी खाली गेली होती. मग जुनी ३१ मिलिमीटरची पॅनेलं लावून तेच केलं, रेघ बेचक्याकडे थोडी सरकली. शेवटी पॅनेलं काढून नुसता लोखंडी सांगाडा धरला. रेघ बरोबर बेचक्याच्या मध्यात, तिथून सरळ मनगटाकडे.

इतक्या महिन्यांचा हिशेब त्या तीन रेघांत लागला. माझी बोटं आखूड. मूठ जाड असली की चापापर्यंत तर्जनी पोचवायला हात मुठीभोवती उजवीकडे सरकतो, आणि पाठ बेचक्यातून निसटून अंगठ्याच्या सांध्यावर येते. मग प्रत्येक बाराचा धक्का दुखऱ्या जागेवरच. लाटण्याला धक्का नसतो, त्याला चापही नसतो, म्हणून तिथे जाडी चालली. फिजिओबाईंची काहीच चूक नव्हती. रिव्हॉल्व्हरबद्दल मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

सुताराला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: नांगराची मूठ आहे ती, जाड करून काय करतेस?

या जुन्या धाटणीच्या मुठीला इथे सगळे नांगराची मूठ म्हणतात, तिच्या वाकलेल्या आकारावरून. मी ते नाव तोपर्यंत शंभरदा ऐकलं होतं आणि कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी एकदम आमच्या रानातला लाकडी नांगर डोळ्यांपुढे आला. दहा वर्षांची असताना मी हट्टाने रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, धरलं होतं, जीव खाऊन आवळून. दोन तासांत तळव्याला फोड. दादा म्हणजे माझे वडील, ते म्हणाले होते, "पोरी, दाबायचं न्हाई. बैल वढत्यात, फाळ शिरतो. तू निस्तं सावर."

कोल्टची मूठही सावरण्यासाठीच घडवलेली आहे. वेकोच्या टेक्सास रेंजर संग्रहालयात मी नंतर मुद्दाम गेले, घरापासून तीनेक तासांवर. १८४७चं वॉकर कोल्ट दोन किलोच्या वर भरायचं, माणूस ते कमरेला नाही तर घोड्याच्या खोगिराला लावायचा. त्यानंतर आलेल्या १८५१च्या नेव्ही कोल्टची मूठ मात्र हाताला इतकी बसली की १८७३मध्ये अमेरिकन लष्कराने घेतलेल्या 'सिंगल ॲक्शन आर्मी' रिव्हॉल्व्हरलाही तोच आकार दिला. घोडदळाच्या शिपायाचा एक हात लगामात असायचा, दुसऱ्या एकाच हाताने ओढायचं, मारायचं, परत घोडा चढवायचा. बार झाला की मूठ तळव्यात फिरते, नळी वर जाते, आणि त्याच वेळी घोडा आपणहून अंगठ्याखाली येतो. नळी खाली आणता आणता तो ओढला जातो. फिरणं हा दोष समजून मी ते थांबवायला पैसे मोजत होते. रूगरने मधली कित्येक वर्षं मूठ थोडी लांब आणि चापकड्यामागे ऐसपैस केली होती, पण २००५च्या न्यू व्हकेरोमध्ये ते पुन्हा जुन्या कोल्टच्या मापावर आले. मोठ्या पंजाचे लोक त्यावर नाराज आहेत. माझ्यासारखीने तक्रार करायचं कारण नव्हतं, मी उगाच त्यात भर घातली होती.

ठरलं: पातळ आणि गुळगुळीत. विकत घ्यायला गेले तर पातळ मूठ मिळते, पण हाताने बसवून दिलेली जोडी शंभर डॉलरच्या वर जाते, आणि रबरावर इतके घालवल्यावर नवऱ्याला सांगायची हिंमत नव्हती. सुतार म्हणाला, लाकूड माझं, मेहनत तुझी. त्याच्या गॅरेजात मेस्कीटच्या फळ्या पडल्या होत्या. मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. जिचे काटे लहानपणी चपलेतून आरपार पायात घुसले, जी बार्शीत चुलीखेरीज कुणाला नको, तिच्या नात्यातलं लाकूड टेक्सासात पॉलिश करून दिवाणखान्यात मिरवतं. कडक असतं आणि हवा बदलली तरी फारसं आकसत-फुगत नाही, मुठीला उत्तम.

त्याने करवतीवर दोन ढोबळ तुकडे कापून दिले आणि पुढचे तीन शनिवार मी त्याच्या बाकावर बसले. आधी आतली बाजू सपाट केली, काचेवर सँडपेपर ठेवून, घासून. सांगाड्याच्या आत खाली एक छोटी पिन असते, तिचं भोक पॅनेलात नेमकं उतरलं पाहिजे, नाहीतर पॅनेल आयुष्यभर डुगडुगतं. इथेही काजळच. पिनेच्या टोकाला लावलं, पॅनेल दाबलं, ठिपका उमटला, तिथे भोक. मधल्या स्क्रूचं भोकही तसंच. मग सांगाड्याभोवती पेन्सिलने रेघ मारून बाहेरचा आकार कानशीने उतरवायचा. लोखंडाला मास्किंग टेपचे दोन थर, कारण सँडपेपरचा एक चुकार हात बसला की निळसर काळा मुलामा गेला. माझा एकदा गेलाच, मुठीच्या टाचेजवळ, तांदळाएवढा. सुताराने बघितलं आणि काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

खरी चूक दुसऱ्या शनिवारी केली. डावं पॅनेल वरच्या बाजूला घासत होते, टेप फाटली आहे का ते बघत, मनात दुसरेच विचार. हात थांबला तेव्हा लाकूड लोखंडाच्या खाली गेलं होतं. एखाद मिलिमीटरच, पण बोट फिरवलं की पायरी लागायची. आणि अंगठा बरोबर तिथूनच जातो. भर घालता येत नाही, नवीन तुकडा. पहिलं पॅनेल मी टाकलं नाही, देव्हाऱ्याचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली लावलंय.

जाडी उतरवताना मात्र घाई केली नाही. दर अर्ध्या मिलिमीटरला पॅनेलं लावायची, काजळाची रेघ पाठीवर ओढायची, उचलायचं, हात बघायचा. ३०ला रेघ अजून तिरकी. २९ला बेचक्यात शिरली. २८ला मध्यावर आली. मी २७वर थांबले. सुताराने विचारलं, आणखी का नाही? करून पाहिलं असतं, पण २७ला बोटांची टोकं तळव्याला नुसती शिवत होती. त्याखाली गेले असते तर ती टोचली असती आणि मूठ सैल वाटून मी आवळायला लागले असते. परत तोच रुमण्याचा फोड.

शेवटी २२० नंबरचा कागद, मग ३२०, मग ४००. त्याच्या पुढे गेले नाही. आरशासारखी मूठ घामात सटकते, टेक्सासचा उन्हाळा म्हणजे हाताला कायमचा घाम. वरून जवसाचं तेल, बॉइल्ड म्हणून मिळतं ते, फडक्याने अगदी पातळ हात, एक दिवस वाळवून पुन्हा, असे पाच. जवस म्हटल्यावर मला चटणीच आठवते, पण हे तेल खायचं नाही. आणि तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकायची नाहीत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. सुताराने ती कुंपणावर एकेक पसरून वाळत घातली, माझ्या लुगड्यांसारखी.

नवीन मूठ घेऊन रेंजवर गेले ती ऑक्टोबरमध्ये. पहिला बार झाला, नळी उठली, मूठ तळव्यात फिरली, थोडीशी, आणि थांबली. अंगठ्याच्या बुडाशी काही नाही. पुढचे चारही तसेच. मधल्या बोटाला मात्र कड्याचा मार पुन्हा बसायला लागला, रबराने भरलेली पोकळी आता रिकामी होती. त्याला उपाय सुताराचाच: करंगळी मुठीवर न ठेवता खाली, बुडाला टेकवायची. त्याच्या परातीएवढ्या पंजाला मुठीवर जागाच नसते म्हणून तो तसं करतो. माझी करंगळी मुठीवर मावते, पण ती खाली घेतली की सगळा हात सुपारीएवढा खाली उतरतो आणि बोट कड्यापासून सुटतं. करंगळी खाली ठेवायला तीन आठवडे लागले. सवय मोडायची म्हणजे काय ते करंगळीला विचारा.

हात खाली उतरला म्हणजे घोडा पुन्हा लांब. हे गणित एका टोकाला सुटलं की दुसऱ्या टोकाला अडतं. एका हाताने नेमबाजी करण्याची मला हौस होती, घोडदळातल्या शिपायासारखी. ती सोडली. आता उजव्या हाताने धरते आणि घोडा डाव्या अंगठ्याने ओढते. नियमात बसतं, निम्मे लोक तसंच करतात. खाली वाकलेल्या कानाचा, म्हणजे अंगठा टेकवायच्या टोकाचा, घोडाही मिळतो, तो बसवून घ्यायचं मनात आहे. तो बसला तर एका हाताचं पुन्हा बघू. डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे काढलेला नाही आणि मी त्यांना आठवण करून दिलेली नाही.

वेळ काही सुधारलेला नाही, शेवटून तिसरी-चौथी असायची ती अजून असते. पण रविवारी संध्याकाळी कणीक मळता येते. नवऱ्याला खिचडीची सवय लागली आहे, तो म्हणतो, राहू दे.

दसऱ्याला दोन्ही रिव्हॉल्व्हरं पाटावर मांडली होती, झेंडूची फुलं वाहून. त्यांच्या शेजारी फार्मसीतला गोळ्या मोजायचा ट्रे आणि सुताराकडून आणलेली कानस. एकाला मेस्कीटची मूठ, दुसऱ्याला अजून ते जाड रबर. डावीकडचं काम राहिलं होतं. मला वाटलं होतं, माप हातात आहे, एका शनिवारात होईल. परवा पहिल्याची पॅनेलं काढून दुसऱ्याच्या सांगाड्यावर ठेवून पाहिली. दोन्ही एकाच कारखान्यातली, एकाच वर्षातली. पण सांगाडे पॉलिश होतात ते माणसाच्या हाताने. खालच्या बाजूला नखभर लाकूड बाहेर, वरच्या कोपऱ्यात केसभर फट.

काजळाची डबी तळाला आली आहे. बहिणीला सांगितलंय, डिसेंबरात येशील तेव्हा दोन आण. तिने विचारलं, डोळ्यांना का? मी हो म्हटलं.